पाठराखा

राजारामने भाषण परत पहिल्यापासून सुरू केलं तेव्हा हेमलता मोरीत बांगड्याची ताटं घासत होती. तिथून तिला नवऱ्याची पाठ दिसत होती आणि कपाटाच्या आरशात त्याचं तोंड. 'नवीन सहकारी बंधू-भगिनींनो' इथपर्यंत गाडी नीट यायची. पुढे 'आजपासून तुम्ही एकटे नाही' आलं की तो घसा साफ करायचा. दर वेळी तिथेच.

विद्यापीठात भरती झाली की नव्या लोकांना संघटनेची ओळख करून द्यायची, हे काम सरचिटणीस म्हणून त्याचंच. इतकी वर्षं केलं, कधी आरशासमोर उभा राहिला नव्हता. पण उद्याच्या नव्या लोकांत अक्षदा होती. त्याची मुलगी. परीक्षा देऊन, मेरिटमध्ये येऊन, परीक्षा विभागात लागलेली ज्युनिअर क्लार्क.

"बाबा, तेवढं बंधू-भगिनी काढा," अक्षदा खाटेवरून म्हणाली. "लोक मोबाइल काढतात लगेच."

"मग काय म्हणू? हाय गाइज?"

निलेश, तिचा मोठा भाऊ, हसला. तो खिडकीत बसून इस्त्रीचा शर्ट घडी करत होता. हसला आणि लगेच खाली बघून कॉलर सरळ करायला लागला.

ताटं पालथी घालून ती बाहेर आली आणि म्हणाली की अक्षदाने उद्या संघटनेची मेंबर व्हायचं नाही. प्रोबेशन संपेपर्यंत तरी नाही. तिला वाटलं होतं राजाराम चिडेल, आणि रघुभावजी त्याची बाजू घेतील, कारण ते गिरणीतले, संपातले, लाल झेंड्यातले. रघुभावजी, राजारामचे थोरले भाऊ, दर रविवारी जेवायला यायचे आणि जेवून भिंतीला टेकून डोळे मिटायचे. आजही मिटलेले होते. पण ते डोळे न उघडता म्हणाले, "हेमलता बरोबर सांगता. चेडवाक दोन वर्सां गप रवांदे. मगे काय तो झेंडो धरूक हरकत नाय."

राजाराम आरशासमोरून वळला. "भाऊ, तुम्ही सांगताय हे?"

"मीच सांगतंय. संपात काय गेला, ता माझ्याशिवाय कोणाक म्हायत आसा?"

त्यावर बराच वेळ वाद झाला. राजाराम कायदा सांगत होता, की प्रोबेशनवर असला तरी कर्मचारी मेंबर होऊ शकतो, कुणी काही वाकडं करू शकत नाही. हेमलता म्हणत होती की वाकडं करणारे कायदा वाचून करत नाहीत. उपकुलसचिव बाई उद्या पहिल्या रांगेत बसणार, कोण कोण उभं राहिलं ते बघणार, आणि दोन वर्षांनी कन्फर्मेशनच्या वेळी 'समाधानकारक नाही' एवढंच लिहिलं की झालं. तिला निलेशबद्दल वाटत होतं की तो तरी तिच्याबरोबर राहील. आई-मुलगा एका बाजूला, हे या घरात नेहमीचं.

"होऊ दे तिला मेंबर," निलेश म्हणाला. "तिला मिळतंय तर घेऊ दे."

राजाराम परत आरशाकडे वळला.

निलेश त्याच विद्यापीठात कामाला होता. आठ वर्षं. सभागृहाचा साउंड, प्रोजेक्टर, खुर्च्या, सगळं तो बघायचा, पण एजन्सीकडून. कंत्राटी. एजन्सी बदलायची, सुपरवायझर बदलायचा, निलेश तोच. संघटनेच्या घटनेत लिहिलं होतं की विद्यापीठाच्या आस्थापनेवर असेल तोच मेंबर. कंत्राटी माणूस नाही. ती ओळ बदलायचा विषय दर वर्षी सर्वसाधारण सभेत यायचा आणि दर वर्षी सरचिटणीस तो पुढच्या सभेवर ढकलायचे. सरचिटणीस म्हणजे राजाराम पेडणेकर.

"का ढकलता ते एकदा सांगा ना बाबा," अक्षदा म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिने.

"तुला माहितीय."

"मला तुमच्याकडून ऐकायचंय."

"लोक म्हणतील पेडणेकरने पोरासाठी घटना बदलली. एवढी वर्षं माझ्यावर कुणी बोट दाखवलं नाही, आता रिटायर होताना..."

"म्हणजे तुमच्यावर बोट येऊ नये म्हणून सफाईचा शिवा बाहेर, लिफ्टवरचे गणपतकाका बाहेर, सगळे कंत्राटी बाहेर. दादा एकटाच नाही."

राजाराम खाली बसला. ऑफिसात बाप-लेक एकमेकांना ओळख दाखवत नव्हते, हा त्याचाच नियम. घरून वेगवेगळे निघायचे, तिथे निलेश त्याला पेडणेकर साहेब म्हणायचा. संघटनेतल्या जुन्यांना माहीत होतं, पण ते तोंडावर आणत नसत. आणि पेडणेकर तर परळमध्ये गल्लोगल्ली, त्यामुळे नव्या लोकांना काही वाटायचं नाही.

हेमलताने विषय बदलायला विचारलं, उद्या अक्षदाचा पाठराखा कोण?

हे संघटनेचं खास. लग्नात नवरीबरोबर पहिल्यांदा सासरी जाते ती पाठराखीण. गिरण्या बंद पडल्यावर कोकणातली बरीच माणसं विद्यापीठात शिपाई म्हणून लागली, त्यांनी चेष्टेत सुरू केलेलं हे. नवा माणूस पुढे येऊन नाव आणि विभाग सांगणार, आणि एक जुना मेंबर त्याच्या मागे उभा राहून खांद्यावर हात ठेवणार आणि म्हणणार, याच्या पाठीशी मी. नुसतं म्हणायचं नाही. वर्षभर त्या नव्याला साहेबाने केबिनमध्ये बोलावलं की पाठराखा दारापर्यंत जायचा आणि तो बाहेर येईपर्यंत तिथेच उभा राहायचा. आता चेष्टा राहिली नव्हती. अधिकाऱ्यांनाही दार उघडल्यावर कोण दिसणार हे माहीत असायचं.

"मीच की," राजाराम म्हणाला. "अजून कोण?"

"बघू," अक्षदा म्हणाली, आणि निलेशकडे बघितलं. निलेश शर्ट घेऊन उठला आणि गॅलरीत गेला. अक्षदा त्याच्या मागे गेली. हेमलताला एवढंच ऐकू आलं, त्याचा आवाज, दबलेला: "अक्षु, डोक्यात काही असेल तर काढ. या महिन्यात नवीन टेंडर आहे. कुणाला ठेवायचं त्याची लिस्ट या आठवड्यात जातेय."

*

हॉलचा एसी बंद होता आणि निलेशने चारही स्टँडफॅन लावले होते, त्यामुळे माइकमध्ये घरघर येत होती. तो मागच्या कोपऱ्यात मिक्सरशी बसला होता. नव्या लोकांनी कडक इस्त्रीचे कपडे घातले होते. मधल्या रांगेत अक्षदा, शेजारी माहीमची शॅनन नावाची मुलगी, तीही परीक्षा विभागात. पहिल्या रांगेत उपकुलसचिव बाई. सकाळभर त्यांचं इंडक्शन चालू होतं, रजेचे नियम, बायोमेट्रिक, आणि जेवणाआधीचा वेळ संघटनेला दिला होता. बाई उठून जातील असं वाटलं होतं. गेल्या नाहीत. पर्समधून चष्मा काढून घातला.

दारात मयूर उभा होता. एजन्सीचा सुपरवायझर, गेल्या वर्षी आलेला. माणूस तसा वाईट नव्हता. निलेशला स्वतःच्या डब्यातलं द्यायचा. पण सकाळीच सांगून गेला होता, "आज युनियनवाल्यांचं आहे. आपण आवाज द्यायचा आणि गप बसायचं. वरून फोन आलाय मला, कंत्राटी पोरं कुणाच्या नादाला लागलेली नकोत."

राजाराम बोलायला उभा राहिला. बंधू-भगिनी काढलं होतं त्याने. 'एकटे नाही' वर घसा अडकणार हे माहीत असल्यामुळे निलेशने तिथे आवाज थोडा उतरवला. घरघर आली, खाकरणं नाही आलं. बाबाने मिक्सरकडे बघितलं नाही. तसंही तो कधी बघायचा नाही.

मग हर्बर्ट परेरा, संघटनेचे अध्यक्ष, मूळचे माहीमचे ईस्ट इंडियन ख्रिश्चन, पोट सांभाळत उठले आणि म्हणाले, चला रे, आता आमचं लगीन लावूया. लोक हसले. एकेक नवा पुढे यायला लागला. नाव, विभाग, मागे कुणीतरी, खांद्यावर हात. काही नवे जागेवरच बसून राहिले, खाली मान घालून. त्यांना कुणी बोलावलं नाही, तसा रिवाज होता. शॅननच्या मागे स्वतः हर्बर्ट उभे राहिले.

अक्षदा उठली तेव्हा निलेशचे तळहात ओले झाले. ती पुढे गेली. राजाराम स्टेजवरून उतरायला लागला.

"अक्षदा राजाराम पेडणेकर, परीक्षा विभाग," ती म्हणाली. "थांबा साहेब. माझे पाठराखे वेगळे आहेत. निलेश पेडणेकर. साउंडवर बसलेत ते."

सगळी डोकी मागे वळली. मयूरचं पण.

निलेशने मान हलवली. नाही. अगदी थोडी, तिला दिसेल एवढीच. ती बघत राहिली. त्याला तिचा राग आला, इतका की कानशिलं गरम झाली. तिला वाटत होतं ती त्याला काहीतरी देतेय. आठ वर्षं त्याने या खोलीत कुणाला स्वतःकडे बघू दिलं नव्हतं, म्हणून तर आठ वर्षं टिकला होता.

राजाराम पायरीवर एक पाय खाली, एक वर, असा थांबला होता. उपकुलसचिव बाई त्याच्याकडे बघत होत्या.

"घटनेप्रमाणे," तो माइकशिवाय बोलला, तरी सगळ्यांना ऐकू आलं, "पाठराखा मेंबरच लागतो."

"मग मी अशीच उभी राहते," अक्षदा म्हणाली.

आणि राहिली. मागे कुणी नाही. हर्बर्टने पुढच्याला यायची खूण केली.

*

वडापाव आणि चहा बाहेरच्या पॅसेजमध्ये होता. अक्षदाच्या हातात प्लेट होती आणि शॅनन तिला काहीतरी विचारत होती, तो कोण होता, तुझं आडनाव सेम कसं. अक्षदाला आतून बरं वाटत होतं. घाबरलेली होती, पण बरं वाटत होतं. आता विषय निघाला, आता कुणाला ढकलता येणार नाही, असं.

मग तिने जिन्याच्या खिडकीतून खाली बघितलं.

गेटच्या आत, सिक्युरिटीच्या टेबलाजवळ निलेश उभा होता. मयूर त्याच्याशी बोलत होता, हात जोडल्यासारखे करून, म्हणजे समजावत होता. निलेशने गळ्यातली दोरी डोक्यावरून काढली आणि गेटपास मयूरच्या हातात दिला.

प्लेट तिने खिडकीतच ठेवली.

संघटनेचं ऑफिस जिन्याखाली होतं. आत हर्बर्ट आणि बाबा, दोघंच. ती काय बोलली ते तिला नंतर नीट आठवलं नाही. दादाला काढलं, तो तर उठला पण नव्हता, नुसतं मी नाव घेतलं म्हणून, असं काहीतरी. बाबा उभा राहिला. हर्बर्टने त्याच्या मनगटाला धरलं.

"राजा, बस. आधी ऐक. तो आपला मेंबर नाय. आपण खाली गेलो तर एजन्सी काय बोलेल? तुमचा संबंध काय. बाई काय बोलतील? तेच. कोर्टात पण तेच. कमिटी बोलवूया, ठराव करूया, मग जाऊ."

"कमिटी कधी बसेल?" अक्षदाने विचारलं.

"या आठवड्यात बसवतो."

"लिस्ट या आठवड्यातच जातेय अंकल."

हर्बर्टने तिच्याकडे बघितलं. चिडून नाही. दमून. "मग पोरी, तू हॉलमध्ये त्याला विचारून नाव घेतलंस काय?"

तिला कालचं गॅलरीतलं आठवलं. त्याने सांगितलं होतं, साध्या शब्दांत सांगितलं होतं, आणि तिला वाटलं होतं तो घाबरतोय म्हणून सांगतोय, एकदा झालं की बरं वाटेल त्याला. तिची नोकरी परमनंटच्या वाटेवर होती. तिने त्याच्या नोकरीवर उभं राहून भाषण केलं होतं.

दारात शॅनन येऊन थांबली होती, मागे अजून तीन-चार नवे. कुणाच्या हातात अर्धा वडापाव. फॉर्म कुठे द्यायचे ते विचारायला आले असावेत. आता विचारत नव्हते. तोंडं बघून थांबले होते आणि बाबाकडे बघत होते.

बाबाने हर्बर्टच्या हातातून मनगट सोडवलं.

*

राजारामला गेटपर्यंतचं अंतर माहीत होतं, तरी ते संपेना. लिफ्टपाशी गणपत उभा होता, लिफ्टचं दार उघडं टाकून. शिवा बादली तशीच ठेवून आला होता. कंत्राटी माणसं. त्यांच्यापर्यंत बातमी त्याच्याआधी पोचली होती, आणि ती सगळी एकमेकांपासून लांब लांब उभी होती, म्हणजे एकत्र दिसू नयेत.

डोक्यात एकच होतं. पोराचं लग्न ठरत होतं. हप्ते होते. या वयात तो परत नोकरी कुठे शोधणार.

मयूरने त्याला बघितलं आणि जरा सरळ झाला. "पेडणेकर साहेब, जेवलात का?"

"याचा पास का घेतलास?"

"साहेब, मला पण वरून आहे. तुम्हाला काय सांगायचं? माणूस चांगला आहे, पण आता नाव झालं ना हॉलमध्ये. बाईंनी मला विचारलं, हा कोण. मी काय बोलू?" त्याने आवाज खाली आणला. "आणि तुमचा काय संबंध साहेब, तो तुमच्या युनियनचा नाही ना?"

"माझा मुलगा आहे," राजाराम म्हणाला.

बाहेर पडलं आणि मग त्याला कळलं की आपण बोललो. सिक्युरिटीवाल्याने मान वर केली. गणपत कुठेतरी मागे खोकला. राजाराम वाट बघत होता की आता काहीतरी होईल, कुणीतरी बोट दाखवेल. मयूरचा चेहरा मात्र एकदम सैल झाला.

"काय साहेब तुम्ही पण. आधी सांगायचं ना!" त्याने राजारामच्या दंडाला हात लावला. "तुमचा मुलगा म्हणजे घरचाच की. मी बोलतो ऑफिसात. बोलतो की पेडणेकर साहेबांचा मुलगा आहे, बहिणीने लाडात नाव घेतलं, एवढंच झालं. बाईंना पण तुम्ही एक शब्द टाका. मिटून जाईल. हे घे रे." आणि पास निलेशच्या पुढे धरला.

राजारामचा जीव भांड्यात पडला. एवढंच होतं. एवढं सोपं होतं आणि आपण आठ वर्षं...

निलेशने हात पुढे केला नाही.

"घे ना," राजाराम म्हणाला.

"मुलगा म्हणून नको."

"निलेश, आता नको सुरू करू. आई काय म्हणेल?"

"आई म्हणेल घे. मला माहितीय." निलेश हळू बोलत होता, नेहमीसारखाच. "पण उद्या शिवाला काढलं तर तो कुणाचा मुलगा म्हणून येणार इथे? मी तर उठलो पण नव्हतो बाबा. नाही म्हटलं मी, मान हलवून. तरी काढलं. मग गप बसून तरी काय मिळालं?"

"मयूर देतोय ना परत..."

"ते तुमच्या तोंडाकडे बघून. तुम्ही रिटायर झालात की ते पण गेलं. बोलायचं तर सेक्रेटरी म्हणून बोला. नाहीतर वर जा. लोक थांबलेत तुमचे."

राजारामने मागे बघितलं. पायऱ्यांवर अक्षदा होती, तिचं तोंड पांढरं पडलेलं, आणि ती मानेनेच निलेशला सांगत होती, घे, घे. काल बापाला जाब विचारणारी हीच पोरगी. तिच्यामागे नवे. आणि सगळ्यांच्या पुढे हर्बर्ट, कठड्याला धरून. राजारामने त्याच्याकडे बघितलं. हर्बर्टने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. कमिटी बसलेली नव्हती. ठराव नव्हता. घटनेत ती ओळ अजून तशीच होती, त्याच्याच हाताने जपलेली.

हा पास आत्ता घेतला तर रात्री सगळे एकत्र जेवतील. हेमलता देवापुढे साखर ठेवेल.

त्याने घसा साफ केला. साफ झाला नाही, तसाच बोलला.

"मी कर्मचारी संघटनेचा सरचिटणीस राजाराम पेडणेकर. या कामगाराला कामावरून का काढलं, ते मला आज संघटनेच्या नावाने लेखी पाहिजे. आणि शिवा, गणपत, तुम्ही पण इकडे या. लांब उभे राहू नका."

शिवा आला नाही. गणपत आला, दोन पावलं.

मयूरने पास परत खिशात घातला. "साहेब, मुलगा म्हणून झालं असतं," तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं. "युनियन म्हणून आलात तर मला फोन लावावा लागणार. मग माझ्या हातात नाही राहत काही."

"लाव."

मयूर गेटच्या पलीकडे जाऊन, त्यांच्याकडे पाठ करून बोलायला लागला. हो सर. नाही सर. हो, सेक्रेटरी स्वतः. रस्त्यावर टेम्पो रिव्हर्स घेत होता, त्यात पुढचं बुडालं. हर्बर्ट पायऱ्या उतरून आले, धापा टाकत, आणि निलेशच्या दुसऱ्या अंगाला उभे राहिले. राजारामकडे न बघता पुटपुटले, "घटनादुरुस्ती आता तूच लिही. माझ्या डोळ्याला दिसत नाय." त्यांच्या मागे शॅनन आली. अक्षदा पायऱ्यांवरच राहिली.

मयूरने फोनवर तळहात ठेवला आणि वळला. हर्बर्टकडे नाही, राजारामकडे नाही. निलेशकडे.

"साहेब विचारतायत, तू यांच्यासोबत आहेस का?" तो म्हणाला. मग हळूच, "नाही बोल ना यार. नाही बोललास तर अजूनही जमवता येईल काहीतरी."

राजारामला वाटलं आपणच बोलावं. पण हे निलेशनेच बोलायचं होतं. त्याने निलेशच्या खांद्याकडे हात नेला आणि मध्येच थांबवला, उगाच भार नको म्हणून.

निलेशने शर्टाला तळहात पुसले.

"हो सांग त्यांना," तो म्हणाला.